डावीकडे सरकलेला माणूस

आमच्या सायकल ग्रुपसाठी विमा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारीक अक्षरातला मजकूर शेवटपर्यंत वाचणारी ग्रुपमध्ये मी एकटीच. नोकरीतही मी तेच करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय चुकू शकतं ते शोधते. सगळ्यांनी माझं नाव सुचवलं आणि मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या चार महिने आधी रविवारच्या राइडमध्ये मी एका म्हाताऱ्या माणसाला पाडलं होतं. ग्रुपमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. आणि तो माणूस पुढे जगला की गेला, हे मलाही माहीत नव्हतं.

आम्ही अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला राहतो. इथून एक लांबलचक ट्रेल जाते. पूर्वी तिथे रेल्वे होती. रूळ काढून डांबर घातलं आणि आता त्यावर चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळे असतात. आमचा ग्रुप अकरा जणांचा. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं, मी सोलापूरची. रविवारी सकाळी सातला निघायचं, वीसेक मैल मारायचे, कॉफी प्यायची, घरी. त्या सप्टेंबरच्या रविवारी मला ऑफिसमधून फोन आला म्हणून मी मागे थांबले आणि बाकीचे पुढे गेले. फोन संपल्यावर त्यांना गाठायचं म्हणून मी जोरात पेडल मारत होते.

डेटा सेंटरच्या लांब भिंतीजवळ ट्रेल सरळ आहे. तिथे ते म्हातारे गृहस्थ पुढे चालत होते, साधारण मधोमध. माकडटोपी आणि पाठीमागे बांधलेले हात. टोपी बघूनच आपल्याकडचे आहेत हे मला कळलं. मी घंटा वाजवली आणि डावीकडची मोकळी जागा धरली. इथे चालणाऱ्याने उजवीकडे राहायचं आणि सायकलने डावीकडून पुढे जायचं, असा नियम आहे. त्यांनी घंटा ऐकली आणि ते चटकन डावीकडे सरकले.

ते बरोबरच होतं. मागून घंटा आली की डावीकडे व्हायचं, हे त्यांच्या पायांना सत्तर वर्षं माहीत होतं. माझ्याही पायांना माहीत होतं. सोलापुरात शाळेपासून कॉलेजपर्यंत मी सायकलवर गेले आणि माझी घंटा ऐकून माणसं डावीकडेच होत आली. इथल्या एखाद्या गोऱ्या सायकलवाल्याला ते कळलं नसतं. मला ती टोपी दिसली होती. मला कळायला हवं होतं.

हँडलचं टोक त्यांच्या कोपराला लागलं. ते "आई गं" म्हणून कडेच्या गवतावर पडले. तिथे लाकडी कुंपण आहे. त्याच्या खांबावर त्यांचं डोकं आपटलं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी सायकल टाकून धावले.

"काका, लागलं का? कुठं लागलं?"

"मराठी का?" ते म्हणाले. जणू पडण्यापेक्षा तीच मोठी गोष्ट होती. "काही नाही लागलं. गवत आहे. हात दे फक्त."

मी हात दिला. ते उठले. मी ॲम्ब्युलन्स बोलावते म्हणाले तर ते घाबरलेच.

"छे छे. ते भोंगा वाजवत येणार, सगळं गाव गोळा होणार. मुलगा झोपलाय. त्याला आठवड्यातून एक दिवस झोप मिळते."

"मग मी घरी सोडते तुम्हाला."

"ह्या सायकलवर? डबलसीट?" ते हसले. "जा तू. तुझी माणसं केव्हाच पुढं गेली. मघाशी बघितली मी."

मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा रागावल्यासारखे म्हणाले, "सांगतोय ना, काही नाही झालं म्हणून." वडीलधाऱ्या माणसाने आवाज चढवला की मी ऐकते. पन्नाशी आली तरी ऐकते. सायकल उचलली आणि निघाले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते कुंपणाला धरून उभे होते. मी दिसेनाशी होईपर्यंत थांबले असावेत.

कॉफीच्या दुकानात सगळे वाट बघत होते. "उशीर का?" म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, "चेन उतरली होती."

आमच्यातला एक नागपूरचा आहे, टवाळ. त्याने माझे हात बघितले. "ग्रीस कुठाय, मॅडम? तुमची चेन पण तुम्हाला घाबरून आपली आपण चढते काय यार?"

सगळे हसले. मीही हसले. एवढं करून मी कॉफी प्यायले.

पुढच्या रविवारी मी त्या भिंतीपाशी हळू केलं. ते नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हते. मग मी मधल्या दिवशी ऑफिसआधी चालत जाऊन आले. ऑक्टोबर संपेपर्यंत ट्रेलवर आजी-आजोबा पुष्कळ असतात. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले, पांढरेशुभ्र बूट घातलेले, हातात मोबाइल, त्यावर अभंग नाहीतर बातम्या. त्यांच्यात ते दिसले नाहीत. आणि मग थंडी पडली आणि सगळेच दिसेनासे झाले. मुदत संपली की ते परत जातात. हीच गोष्ट मला छळत राहिली. कुणी दिसेनासं झालं तर त्याचा अर्थ लावता आला असता. पण इथे नोव्हेंबरमध्ये त्या वयाचं कुणीच दिसत नाही. विमानात बसलेला आणि गेलेला, दोघे सारखेच गैरहजर.

मी भावनेच्या आहारी जाणारी बाई नाही. आई गेली तेव्हा चौदाव्या दिवशी मी कामावर होते. पण त्या हिवाळ्यात मी काही गोष्टी करू लागले, ज्या मी कुणाला सांगितल्या नसत्या. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या वडिलांच्या निधनाचा निरोप आला की मी वय आणि गाव बघायचे. भेटीला आलेले आईवडील इथे आजारी पडतात, बिलं मुलांच्या आवाक्याबाहेर जातात आणि मग मित्र मदतीसाठी फोटोसकट आवाहन टाकतात. ती आवाहनं मी उघडून बघायचे. नळ्या लावलेले चेहरे मोठे करून बघायचे. इंडियन ग्रोसरीत पिठाच्या पोत्यांच्या रांगेत माकडटोपी दिसली की मी माझी ढकलगाडी सोडून पलीकडच्या रांगेत जाऊन यायचे. आणि आमच्या राइड ज्या ॲपवर आपोआप नोंदल्या जातात, त्यावर तो रविवार काढायचे. निळी रेघ सरळ जाते, भिंतीपाशी थांबते आणि पुढे निघते. चार मिनिटं दहा सेकंद. एवढा वेळ मी त्या माणसाला दिला होता.

डिसेंबरमध्ये आमच्या डॉक्टरकाकांनी एकदा हेल्मेटवरून सगळ्यांना झापलं. ते निवृत्त आहेत, चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आणि सत्तरीतही आमच्याबरोबर येतात. "डोक्याला लागलेलं लगेच दिसतंच असं नाही," ते म्हणाले. "त्यात वय असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आत हळूहळू साचत जातं. तीन आठवड्यांनी माणूस बरळायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, वय झालं."

मी तिथेच बसल्या बसल्या तीन आठवडे मोजले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

जानेवारीत विम्याचं निघालं. मे महिन्यात नवशिक्यांसाठी एक मोठी राइड करायची असं ठरलं, आणि शाळेचं पार्किंग वापरायचं तर शाळा विम्याचं प्रमाणपत्र मागत होती. आमच्यामुळे कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, याचा कागद. अकरा जणांचा ग्रुप स्वतः असा विमा घ्यायला गेला तर परवडत नाही. सायकलवाल्यांच्या एखाद्या संघटनेचं सभासद व्हायचं आणि तिच्या छत्राखाली यायचं, हा रस्ता. मी तीन काढल्या.

पहिली देशभराची, जुनी. ग्रुप तिचा सभासद झाला की वर्षभराच्या सगळ्या राइड झाकल्या जातात. फक्त प्रत्येक राइडला प्रत्येकाने सही करायची आणि राइडचा एक प्रमुख नेमायचा. दुसरी शर्यतवाल्यांची. तिचा विमा भक्कम, पण तो परवानगी काढलेल्या कार्यक्रमापुरता. मेची राइड झाकली जाईल, दर रविवार उघडा. तिसरी म्हणजे शेजारच्या गावातला मोठा क्लब. आमचा ग्रुप त्यांच्यात विलीन करायचा, मग त्यांचा विमा आपोआप आपला. पण नेते त्यांचे, रस्ते त्यांचे, वेग त्यांचा.

मी तक्ता केला, गुण दिले आणि ग्रुपवर लिहिलं, "दुसरी घेऊ या. विमा सगळ्यात मोठा आहे."

आमच्यातली एक पुण्याची मुलगी रस्ते आखते. पस्तिशीची असेल, पण मला ताई म्हणते. तिचा लगेच फोन आला.

"ताई, दुसरी दर रविवारी कव्हर करतच नाही ना? मग पहिली का नको? तिच्यात सगळंच आहे."

"तिचा फॉर्म किचकट आहे."

"तुला? किचकट?" ती हसायला लागली. "तू टॅक्सच्या सूचना विरंगुळा म्हणून वाचतेस."

"बघते पुन्हा," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी तक्ता पुन्हा उघडला. गुण मीच दिले होते आणि ते खोटे होते. तिघींपैकी फक्त पहिलीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. तुमच्या ग्रुपच्या राइडमध्ये बाहेरच्या कुणाला इजा झाल्याची, किंवा ज्यातून पुढे कुणी भरपाई मागू शकेल अशी, एखादी घटना तुम्हाला माहीत आहे का? हो किंवा नाही. बाकीच्या दोघी हे विचारत नव्हत्या. मी अकरा जणांसाठी विमा निवडत नव्हते. मला तो प्रश्न विचारणार नाही असा कागद शोधत होते.

मला 'नाही' लिहिता आलं असतं. कुणाला कळणार होतं? ते स्वतःच म्हणाले होते, काही झालं नाही. पण खोटं उत्तर सापडलं तर सगळ्या ग्रुपचा विमा रद्द, हेही त्याच पानावर लिहिलं होतं. मी ठरवलं की आधी तो माणूस शोधायचा. ठणठणीत असेल तर 'नाही' लिहायला माझी मी मोकळी.

एप्रिलमध्ये आजी-आजोबा परतायला लागले. लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर बुधवारी त्यांचा कट्टा भरतो. मी रजा टाकून गेले. चहा, भडंग, सुडोकू. गुजराथी, तेलुगू एका बाजूला, आपले खिडकीशी. मी एकेक चेहरा बघून घेतला. ते नव्हते. मग एका मावशींना विचारलं. त्या दरवर्षी येतात आणि त्यांना सगळ्यांची खबर असते, असं पुण्याच्या मुलीने सांगितलं होतं.

"नाव काय त्यांचं?" मावशी म्हणाल्या.

"नाव नाही माहीत."

"बोललीस ना त्यांच्याशी?"

"बोलले. पण नाव नाही विचारलं."

"काका म्हटलं असशील." त्यांनी भडंगाचा घास घेतला. "आम्हाला इथं कुणी नाव विचारतच नाही बघ. काका, मावशी, नाहीतर अमक्याची आई. बँकेत गेले की तेवढं नाव ऐकायला मिळतं."

काका म्हटल्यावर मला ओळख झाल्यासारखं वाटलं होतं, आणि ओळखीच्या माणसाला कोण नाव-पत्ता विचारतं? गोऱ्या माणसाला पाडलं असतं तर मी फोन नंबर घेतला असता, माझा दिला असता, फोटो काढले असते. सगळं नीट केलं असतं.

"पडलेले एक होते," मावशी म्हणाल्या. "मागच्या वर्षी. घरात पडलो म्हणत होते, पण इथं आम्हाला खरं सांगितलं. सायकलवाल्याने पाडलं म्हणून. नाशिकचे."

"कधी?"

"पाऊस होता तेव्हा. ऑगस्ट? सप्टेंबर? कंबरेचं हाड गेलं. व्हीलचेअरवरून विमानात घातलं बिचाऱ्यांना."

"आहेत का?"

"आहेत की! रोज पहाटे गुड मॉर्निंग पाठवतात. गुलाबाचं फूल. बंद करा म्हटलं तरी ऐकत नाहीत. घे नंबर."

मी गाडीत बसले आणि तिथूनच फोन लावला. तिकडे रात्रीचं जेवण चाललं असावं. ताटवाट्यांचे आवाज येत होते. मी स्वतःबद्दल सांगितलं, ट्रेलचं सांगितलं. "काका, मागच्या वर्षी तुम्हाला सायकलने पाडलं ती मी. मला माफी मागायची आहे."

मग ते म्हणाले, "ताई, तुम्हाला दाढी आहे का?"

"काय?"

"मला पाडणारा दाढीवाला होता. भलामोठा. ती बॅटरीची सायकल असते बघा, ती होती. सॉरी सॉरी करत निघून गेला. तुम्ही नव्हतात."

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. हे जिवंत होते, पण माझे नव्हते. मी एका माणसाला शोधायला निघाले होते आणि आता दोन झाले होते.

"तुम्ही कुणाला पाडलंत?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते मध्ये घरातल्यांना आवाज कमी करा म्हणाले तेवढंच.

"पडल्यावर काय म्हणाले ते?"

"काही नाही झालं म्हणाले."

"तेच म्हणणार. मीही म्हणालो. घरी सांगितलं बाथरूममध्ये घसरलो. खरं सांगितलं असतं तर चिरंजीवांनी बाहेर जाणं बंद केलं असतं. मग दिवसभर काय करायचं त्या घरात? सगळे कामावर, टीव्हीचे तीन रिमोट. तिसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेलो तर पाय उचलेना. डॉक्टर विचारतो, कसे पडलात, आणि मी आपला बाथरूमच सांगतोय. मुलाने बाथरूम फोडून नवी फरशी घातली, ताई. खडबडीत. माझ्या खोट्यापायी."

"अजून सांगितलं नाहीत त्याला?"

"नाही. तुम्ही पहिल्या. कट्ट्याबाहेरच्या, म्हणजे." ते जरा थांबले. "तुमचे ते सापडले तर मला कळवा. मलाही आता रुखरुख लागेल."

तो आठवडा मी वाईट काढला. भिंतीपाशी यंत्रांची अखंड गुणगुण असते, ती मला घरात ऐकू यायला लागली. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, तरी यायची. नवरा म्हणाला, "कान तपासून घे." मी तपासून घेतले. काही निघालं नाही.

रविवारी राइडनंतर डॉक्टरकाकांच्या गॅरेजमध्ये जमलो. घडीच्या टेबलावर ढोकळा आणि थर्मासमध्ये चहा. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं.

मग नागपूरवाला म्हणाला, "यार, पण तो माणूस स्वतः बोलला ना काही झालं नाही? मग इन्सिडेंट कसला? 'नाही' टिक करा, मॅडम. आपण कोर्टात उभे आहोत का?"

"नाशिकचेही तेच बोलले होते," मी म्हणाले. "त्यांचं हाड मोडलं होतं."

"ते तुमचे नव्हते ना पण!"

पुण्याची मुलगी माझ्याकडे बघत होती. "ताई, तू आम्हाला चेन उतरली म्हणालीस." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आम्ही अर्ध्या मैलावर होतो. मागे आलो असतो. दहा जणं होतो आम्ही."

डॉक्टरकाकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पेशंटला विचारावं तसं विचारायला लागले.

"शुद्ध गेली होती?"

"नाही."

"डोकं आपटलं?"

"माहीत नाही."

"उठल्यावर चालले कसे? सरळ?"

"चालताना बघितलं नाही. उभे होते."

"उलटी? डोळ्यांपुढे अंधारी?"

"तेवढी थांबले नाही मी."

"किती थांबलीस?"

"चार मिनिटं दहा सेकंद."

"हे बघ," ते म्हणाले, "बहुतेक वेळा काही होत नाही. खरंच होत नाही. पण हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगतोय, हेही लक्षात ठेव."

मग मत घेतलं. नागपूरवाला तिसऱ्याच्या, त्या मोठ्या क्लबच्या बाजूने होता, कारण तिथे विचारणार नाहीत. "मला वाईट म्हणा," तो म्हणाला, "मला माझं घर आहे, पोरं आहेत." मला तो वाईट वाटला नाही. जानेवारीत मीही न विचारणाऱ्या कागदाच्याच बाजूने होते, फक्त त्याच्याइतकी उघड नव्हते. बाकीच्यांनी पहिली म्हटलं. पुण्याच्या मुलीने माझ्याकडे न बघता ढोकळ्याची ताटली सरकवली.

मी त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून त्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. खाली तपशिलासाठी चौकोन होता. त्यात माझ्या घराच्या विमा कंपनीलाही कळवल्याचं लिहिलं, कारण सायकलवर माझ्याकडून कुणाला लागलं तर ते घराच्या विम्यात येतं, आणि त्या कागदावरही 'ताबडतोब कळवा' असंच होतं. सात महिने हे कुठल्याच अर्थाने ताबडतोब नव्हतं.

चार दिवसांनी संघटनेच्या विमा विभागातून एका बाईचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाची, कामाला पक्की. तिने आधीच सांगितलं की पॉलिसी एक मेपासून लागू होईल. त्याआधीचं काहीही तिच्यात येणार नाही. ग्रुपला विमा द्यायला हरकत दिसत नाही, फक्त ही नोंद पूर्ण करायची आहे. मग ती एकेक रकाना वाचायला लागली. इंग्रजीत, शांतपणे.

जखमी व्यक्तीचं नाव? माहीत नाही. पत्ता? माहीत नाही. वय? सत्तरीच्या पुढे. साक्षीदार? नाही.

"तुम्ही त्यांच्याशी बोललात असं लिहिलंय."

"हो. आमची भाषा एकच."

"मग त्यांच्याबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?"

मी सांगायला लागले. स्वेटर हाताने विणलेला होता, मरून, एका बाहीला वेगळ्या रंगाची लोकर लावलेली. उठवताना त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. गळ्यात नाडीला घराची किल्ली होती, लहान मुलाच्या गळ्यात असते तशी. पडल्यावर त्यांनी आधी ती किल्ली चाचपली, मग चष्मा, मग गुडघा. बोलण्यात सोलापूरकडचा हेल होता. कदाचित माझ्याच भागातले असतील. हात गरम होता आणि त्यांनी माझा हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला होता, हे मला तोपर्यंत आठवलंच नव्हतं. तोल सावरायला धरला होता की कुणीतरी भेटलं म्हणून, ते मला माहीत नाही.

बाईने मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "यातलं बसेल असा रकाना माझ्याकडे नाही. पण 'इतर' म्हणून लिहून ठेवते." मग तिचा माऊस दोन-तीनदा वाजला. "एक अडचण आहे. जखमी व्यक्तीची सद्यस्थिती. इथे दोनच पर्याय आहेत, जिवंत किंवा मृत. 'माहीत नाही' असा पर्याय नाही, आणि रिकामं सोडलं तर पुढचं पान उघडत नाही. मी काय भरू?"

माझ्या नोकरीत असा फॉर्म माझ्यासमोर आला असता तर मी तो परत पाठवला असता. तिसरा पर्याय हवा म्हणून लाल शेरा मारला असता. तसं तिला म्हणावं असं वाटलंही.

"हॅलो?" ती म्हणाली. "मी काय भरू?"

"जिवंत," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही."

तिने ते भरलं. पुढचं पान उघडलं आणि तिने विचारलं, त्या दिवशी रस्ता कोरडा होता का ओला.